स्वतःच्याच पोराच्या मागावर

निपाणी

निपाणीत उतरणारा नवखा माणूस आधी शिंकतो, मग नमस्कार करतो. गावाच्या वेशीपासूनच हवेत तंबाखू असते. कोल्हापूरहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीत माझ्या शेजारी एक म्हातारबा बसले होते. माझ्या शिंका काही थांबेनात, तेव्हा ते म्हणाले, "सासुरवाडीला निघालाय जणू."

"कसं ओळखलंत?"

"तंबाखूच्या धंद्याचं मानूस शिंकत न्हाय. आन् नवा कोट घालून या धुळीत बसत न्हाय."

म्हाताऱ्याचं खरं होतं. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीला कराचीत, सरकारी कचेरीत कारकून. माझी बायको इंदू बाळंतपणासाठी निपाणीला माहेरी आली ती तिथंच राहिली. आधी तिचा ताप हटेना, मग कराचीत मला बिऱ्हाडाला जागा मिळेना, आणि जागा मिळाली तर साहेब रजा देईना. असं करता करता चिरंजीव चंदू तिसऱ्या वर्षात धावायला लागले. मी त्यांना पाहिलं होतं ते बारशाला, आणि तेही दुपट्यातून बाहेर आलेलं नाक तेवढं. आता दोन खोल्या मिळाल्या होत्या, रजाही पदरात पडली होती. मायलेकरांना घेऊन आगबोटीनं परत जायचं, म्हणून मी आलो होतो.

शिवाय माझ्या खांद्याला नवाकोरा बॉक्स कॅमेरा लटकत होता. एका इंग्रजी सचित्र मासिकात मी वाचलं होतं, की लहान मुलांना खुर्चीत बसवून फोटो काढू नये. त्यांना मोकळ्या हवेत खेळू द्यावं आणि त्यांच्या नकळत टिपावं. मला हे एकदम पटलं. आपल्याकडचे मुलांचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. काजळ कानापर्यंत, टोपी भुवयांवर, हातात कागदी फूल, आणि पोर असं बघतंय की समोर फोटोग्राफर नसून फौजदार उभा आहे. माझ्या चंदूचा असा फोटो मी काढणार नव्हतो. माझा चंदू हसताना, पळताना, चिखलात लोळताना दिसणार होता.

सासरे आप्पा, म्हणजे निपाणीतले तंबाखूचे व्यापारी, दारात उभे होते. सासूबाईंना सगळा गाव आक्का म्हणतो. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हाक मारली, "चंदू, ये रं! बघ, तुजं बाबा आलं!"

परसातून एक गोरंगोमटं, उघडंबंब पोर धावत आलं. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग ते गर्रकन वळून सोप्यात गेलं, भिंतीकडे मान वर करून काहीतरी बघितलं, आणि परत येऊन सगळ्यांना शांतपणे सांगितलं, "बाबा हाय तितंच."

सोप्याच्या भिंतीवर मी होतो. कराचीच्या स्टुडिओत काढून घेतलेला माझा फोटो, चौकटीत, काचेमागे. एका बाजूला लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला मारुती, मधे मी. डोक्यावर काळी टोपी, कोटाची सगळी बटणं लावलेली, एक हात लाकडी खांबावर, छाती फुगलेली. फोटोग्राफरनं श्वास रोखायला सांगितलं होतं आणि सोडायला सांगायचं तो विसरला होता, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

आक्कांचा हेतू चांगला होता. पोरानं बापाला विसरू नये म्हणून रोज दिवेलागणीला 'शुभं करोति' झालं की त्या चंदूला देवापुढं, मग माझ्यापुढं नमस्कार करायला लावत. कपाळाला अंगारा लावायचा आणि म्हणायचं, "बाबा, मला बुद्दी द्या." आता ज्याच्यापुढं वर्षभर हात जोडले तो देव धुळीनं माखून, शिंकत शिंकत दारात उभा राहिला तर तुम्ही तरी ओळखाल का? मी हौसेनं चंदूला उचललं. त्यानं अशी किंकाळी फोडली की समोरच्या तंबाखूच्या वखारीतल्या बाया हातातली पानं टाकून रस्त्यावर आल्या.

दुसऱ्या दिवशी इंदूला युक्ती सुचली. "तो फोटोच काढून ठेवूया, म्हणजे बाबा एकच राहतील." फोटो उतरवला. चंदू उठला, भिंतीकडे बघितलं, आणि त्यानं जो गळा काढला, "बाबा गेलं! माजं बाबा गेलं!"

आक्कांनी कपाळावर हात मारला. "शुभ बोल रं मुडद्या, शुभ बोल!" पण व्हायचं ते झालंच. शेजारीण पदर डोळ्याला लावून धावत आली, इंदूच्या गळ्यात पडली, "कसं झालं गं बाई, आगबोट बुडाली व्हय?" आणि तेवढ्यात तिला मी दिसलो. मी पाटावर बसून पोहे खात होतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू विचारलं, "मंग गेलं कोण?"

फोटो ताबडतोब भिंतीवर परत गेला. त्या दिवशी आप्पांनी मला बाजूला घेतलं. आक्काही आल्या.

"पाव्हणं, वाईट वाटून घिऊ नका," आक्का म्हणाल्या. "बायकू तुमची, ल्योक तुमचा. पर पोर तुमच्या लळ्याला लागल्याबिगर मी धाडायची न्हाय. आगीनगाडी, आगबोट, ती परमुलखाची हवा. पोर रडून रडून फेफरं येऊन पडलं तर काय करणार तुमी?"

"आणि नाही लागलं तर?"

"मंग इंदी आन् पोर ऱ्हातील हितंच," आप्पा म्हणाले. "फुडच्या रजंला या की."

पुढची रजा कधी मिळेल हे फक्त साहेबाला आणि परमेश्वराला ठाऊक. मी त्या रात्री भिंतीवरच्या त्या टोपीवाल्या गृहस्थाकडे अशा रागानं बघितलं की काय सांगू! माणसाला शेजाऱ्याचा मत्सर वाटतो, भावाचा वाटतो. स्वतःच्याच फोटोचा वाटलेला मी पहिलाच असेन.

वेदगंगेकाठचं गुऱ्हाळ

आमच्या साताऱ्याकडे जावई आला की त्याला घरात बसवून खायला घालतात. निपाणीकडे त्याला बाहेर नेऊन खायला घालतात. माघाचे दिवस होते, गुऱ्हाळं लागली होती. इंदूचा थोरला भाऊ, त्याला घरात सगळे अण्णा म्हणतात, मोठ्या हौसेचा माणूस. त्यानं वखारीची जुनी मोटार काढली आणि सगळं लटांबर वेदगंगेकाठी निघालं. मी पुढं बसलो की चंदू रडायचा, म्हणून मानाचा जावई मागं तंबाखूच्या बोदांवर, म्हणजे पोत्यांवर, बसला. वाटेत मी किती शिंकलो ते मोजायला कोणी नव्हतं.

गुऱ्हाळाचा वास मात्र सगळं विसरायला लावतो. चुलवाणावर मोठी काहील, तिच्यात रटरटणारा रस, वर पिवळा फेस. त्याच्याशेजारी गुळव्या, म्हणजे पाक कधी उतरवायचा हे जाणणारा माणूस, डोळे बारीक करून उभा. अण्णानं मला उसाचा रस दिला, मग आल्याचा रस घालून दिला, मग गरम काकवी आणि भाकरी दिली, आणि मग विचारलं, "आता जरा खाऊन घेताय न्हवं?"

चंदू चिपाडांच्या ढिगाऱ्यावर एका कुत्र्याच्या पिल्लामागे लागला होता. कोपरापर्यंत काकवी, गालाला राख. मासिकात छापावं तसं दृश्य! मी चिपाडांच्या आडोशाला दबकत गेलो. आता या बॉक्स कॅमेऱ्याची एक गंमत आहे. तो पोटाशी धरायचा, मान खाली घालायची, आणि वरच्या बोटभर काचेत बघायचं. त्या काचेत उजव्याचं डावं होतं. चंदू डावीकडे पळाला की काचेत उजवीकडे पळे, मी उजवीकडे वळलो की तो नाहीसाच होई. शिवाय सूर्य आपल्या पाठीशी हवा. म्हणजे आपली सावली आपल्या आधी पुढं जाते. चंदूनं सावली बघितली, सावलीचा मालक बघितला, आणि पिल्लाला टाकून आजीकडे पळाला.

एका बाईनं इंदूला विचारलं, "पाव्हण्यांच्या पोटात दुकतंय व्हय? मघाधरनं वाकून पोटाकडं बगत्यात."

"फोटू काडत्यात," इंदू म्हणाली.

ती हे बोलली आणि घात झाला. अण्णा ओरडला, "आरं फोटू! फोटू हाय! चला सगळी!" चरकाचे बैल थांबले. चुलवाणात चिपाड घालणारा मुंडासं बांधत आला. बायांनी पदर नीट केले. आप्पांनी कोट मागवला. बघता बघता वीसेक माणसं कवायतीला उभी राहावीत तशी एका ओळीत उभी, हात मांड्यांना चिकटवलेले, श्वास रोखलेले. आणि त्या ओळीच्या मधोमध, मिशीला पीळ देत, गुळव्या.

"अहो, मला नकळत फोटो काढायचाय!" मी कळवळून म्हणालो.

"काडा की," अण्णा ओठ न हलवता म्हणाला. "आमी काय बगतोय व्हय?"

तेवढ्यात करपल्याचा वास आला. गुळव्यानं मिशी सोडली आणि धूम ठोकली, पण काहिलीतला पाक काळा पडला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा मात्र गडगडून हसले. "असू द्या. जावयाच्या फोटूपायी गुळाचं एक आदण गेलं, त्यात काय एवडं!" गुळव्या हसला नाही.

त्या गोंधळात सगळी मोठी माणसं काहिलीकडे धावली आणि मोकळ्या जागेत एकटा चंदू उरला. ते काळे काळे बुडबुडे बघून तो टाळ्या पिटत खदखदा हसत होता. मी खटका दाबला. बोटभर काचेत नखाएवढा माझा मुलगा हसत होता. त्यानं मला बघितलं नव्हतं, म्हणूनच हसत होता, हेही मला कळत होतं.

बेळगाव

बेळगावला आम्ही दोन कामांसाठी गेलो. इंदूला तिथल्या शहापूर पेठेतलं लुगडं हवं होतं आणि मला कुंदा. शहापुराच्या गल्ल्यांत शिरलं की घराघरातून मागांची खटखट ऐकू येते. विणकराच्या ओट्यावर बसून आक्कांनी तासभर लुगडी उलगडायला लावली. त्या कानडीत नापसंत करत आणि मराठीत पसंत करत. विणणाराही तसाच, गिऱ्हाईक उठायला लागलं की कानडी, बसलं की मराठी. माझ्यासारख्या परक्याला यातला एकही शब्द न बोलता मान डोलवायची सोय होती, ती मी घेतली.

चंदू ओट्याखाली रंगीत सुताच्या गुंड्या गोळा करत होता. मी लुगड्यांच्या ढिगाआडून त्याचे दोन फोटो घेतले. एकात बहुतेक आक्कांची पाठ आली असावी.

कुंदा मात्र खाऊनच बघावा. तुम्ही पेढा खाल्ला असेल, खवा खाल्ला असेल, पण दूध आटता आटता तांबूस होतं आणि त्याचा दाणा जिभेवर फुटतो, ती गोष्ट वेगळी. दुकानातल्या बाकावर आम्ही सगळे द्रोण घेऊन बसलो. बाकाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला चंदू, मधे अख्खं सासर. त्यानं अर्धा कुंदा खाल्ला आणि उरलेला मुठीत धरून ठेवला.

"खा की रं," इंदू म्हणाली.

"बाबाला," चंदू म्हणाला.

बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं काळीज असं उडालं! मी हळूच हात पुढं केला, अगदी गोड आवाजात म्हटलं, "दे बाळा."

त्यानं मूठ पाठीमागे लपवली. "तुला न्हाय. बाबाला. घरी."

अण्णाला हसू आवरेना म्हणून तो बाहेर जाऊन उभा राहिला. मला हसू आलं नाही. मी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि वर म्हणालो, "काय ही धूळ तुमच्या बेळगावात!" इंदूनं मधली माणसं ओलांडून माझ्या द्रोणात आपला कुंदा टाकला. निपाणीला परतल्यावर तो मुठीतला कुंदा माझ्या फोटोपुढं ठेवला गेला. सकाळी मुंग्या लागल्या होत्या.

खानापूर

आप्पांना वखारीच्या छपराला लाकूड बघायचं होतं, म्हणून रजेच्या शेवटी खानापूर घडलं. निपाणीची मोकळी काळी रानं बघितलेल्या माणसाला खानापूर दुसऱ्याच मुलखासारखं वाटतं. कापलेल्या भाताची खाचरं, त्यांच्यामागे लगेच जंगल, रस्त्यावर ओंडक्यांनी लादलेल्या गाड्या, आणि हवेत तंबाखूऐवजी ओल्या लाकडाचा वास. मी पहिल्यांदाच पोटभर श्वास घेतला. पण जीव थाऱ्यावर नव्हता. दोन दिवसांनी बेळगावच्या स्टेशनात गाडी धरायची होती, आणि आक्कांनी पोराच्या कपड्यांची घडीसुद्धा घातली नव्हती. मी त्यांना काही विचारलंही नव्हतं. काय तोंडानं विचारणार?

मलप्रभेच्या काठी आम्ही शिदोरी सोडली. माघात नदी खडकांतून बारीक वाहते, पोरासोरांना खेळायला बेताची. भाकरी, भरली वांगी, ठेचा, घट्ट दही. इथला ठेचा खाऊन कराचीकराला रडण्यासाठी दुसरं कारण लागत नाही. जेवून आप्पा आणि अण्णा झाडाखाली आडवे झाले. आक्का पान लावत बसल्या. मी कॅमेरा एका सपाट खडकावर ठेवला आणि पलीकडे पाण्यात उतरून, टोपी शेजारच्या खडकावर काढून ठेवून हात धुऊ लागलो.

मागं वळलो तो काय, चंदू कॅमेऱ्याजवळ! गुडघ्यांवर बसून, माझी बरोबर नक्कल करत, मान खाली घालून वरच्या काचेत बघत होता. कॅमेऱ्याचं तोंड माझ्याकडे होतं. मी हललो तर पोर पळणार, म्हणून मी जागच्या जागी थिजलो. एक हात खडकावर होता तो तिथंच राहिला. छाती भरून घेतलेली, श्वास रोखलेला.

"अहो," झाडाखालून इंदूची कुजबुज आली. "टोपी! टोपी घाला. आणि कोटाची बटणं लावा."

मला काही उमजेना, पण बायकोच्या आवाजात असं काही होतं की मी खडकावरची टोपी घातली, ओल्या हातांनी बटणं लावली.

"हनुवटी वर. हात खांबावर असतो तसा. हं, आता हलू नका."

मग मला उमजलं. सबंध प्रवासभर ज्या उभं राहण्याला मी शिव्या घातल्या, तसाच मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. गुळव्याहून ताठ. श्वास रोखून, डोळे वटारून, अगदी निपाणीच्या भिंतीवरचा.

चंदूनं काचेत बघितलं. पुन्हा बघितलं. मग किंचाळला, "आई! बाबा! डब्यात बाबा!"

आक्कांच्या हातातलं पान खाली पडलं. चंदूनं दोन्ही हात जोडून कॅमेऱ्याला नमस्कार केला. मग त्याला वाटलं असावं, बाबा आत आहे तर बाहेर का येत नाही? त्यानं डबा हलवला, कानाला लावला, उलटा केला. त्याची बोटं मागच्या खिट्टीवर गेली.

त्या डब्यात माझी सगळी रजा होती, वाचकहो. काकवीनं माखून हसणारा चंदू होता, सुताच्या गुंड्या होत्या, आक्कांची पाठ होती. पोर आलं नाही तर एवढंच घेऊन मला आगबोटीत चढायचं होतं. आणि वर माघाचं लख्ख ऊन, उघडी फिल्म ज्यात क्षणात जळून जाते! एक शब्द ओरडलो असतो, "हात लावू नको!", तर सगळं वाचलं असतं. ओरडणं ओठांपर्यंत आलंही. इंदूनं माझ्याकडे बघितलं. मी श्वास रोखूनच धरला.

खिट्टी उघडली. चंदूनं आतली काळी पट्टी ओढली, आणखी ओढली, पार शेवटपर्यंत ओढून पाण्यात टाकली. मग डब्यात डोकं घालून बघितलं. डबा रिकामा होता. त्यानं खाली बघितलं, आजूबाजूला बघितलं, आणि मग समोर.

मी तसाच उभा होतो. रडू येत होतं आणि हलायचं नव्हतं.

तो खडकावरून उतरला. पाण्यातून छप् छप् करत आला आणि माझ्यापुढं मान वर करून उभा राहिला. मी अगदी हळू खाली बसलो, कोटासकट पाण्यात. त्यानं आधी टोपीला बोट लावलं. मग नाकाला. मग सबंध पंजा माझ्या गालावर ठेवून घासला, वर, खाली, परत वर. आणि मग एकाएकी मांडीवर चढून त्यानं माझ्या गळ्याला मिठी मारली.

"इंदे," आक्का रडत रडतच म्हणाल्या, "ऊठ गं, पोराची कापडं भरायला घे."

चंदूनं माझी मिशी मुठीत धरली, ओढून बघितली, आणि वळून अख्ख्या नदीकाठाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आज्जी, बाबाला काच न्हाय!"